हौद्यात झोपून शोधलेला आवाज

चहा येऊ दे, तोवर सुरुवात करतो. पण आधी एक कबूल करा. त्या शुक्रवारी मी जे जे केलं, त्यातली एकेक गोष्ट वेगळी काढून बघायची आणि मग मला सांगायचं, यात मूर्खपणा कुठे होता? कुठेच नव्हता. प्रत्येक गोष्ट विचार करून केलेली. फक्त त्या सगळ्या एकाच वेळी एकाच माणसाच्या अंगावर जमा झाल्या. आणि तो माणूस नेमका मी निघालो.

माझी पिकअप तुम्ही बघितलीच असेल. मी राहतो दिघाशीला, माल उचलतो भिवंडीतून आणि टाकतो पूर्ण्याच्या गोदामांत. म्हणजे दिवसभर खड्डे आणि मधून मधून रस्ता. गाडी जुनी, पण इंजिन ठणठणीत. फक्त एक खोड लागली होती. गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘ठक’. एक्सलेटर दाबला की ‘ठक’. सोडला की पुन्हा ‘ठक’. कुणीतरी गाडीखाली बसून दार वाजवतंय आणि आत घ्या म्हणतंय, असं वाटायचं.

एरवी मी ढुंकून बघितलं नसतं. पिकअपवाल्याने आवाजांकडे लक्ष द्यायचं ठरवलं तर धंदा कधी करायचा? पण भाचीचं लग्न ठरलं आणि तो आवाज माझ्या इज्जतीवर आला.

माझी थोरली बहीण मंदाताई गावातच दिलेली, वरच्या आळीत. तिची प्रणाली. ही पोरगी पाळण्यात होती तेव्हाच मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, हिचं सामान सासरी जाईल ते मामाच्याच गाडीतून जाईल. तेव्हा माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती, पण शब्द तो शब्द. आता नवरा मिळाला पूर्ण्याचा. सामानात कपाट, पलंग, भांडी आणि सगळ्यात वर रुखवताचं काचेचं शोकेस. चारी बाजूंनी काच. मंदाताईने स्वतः पसंत करून आणलेलं.

आणि मध्ये उभी राहिली हिराबाय. हिराबाय म्हणजे मंदाताईची सासू. त्या घरात पान हलतं ते तिला विचारून.

“भालू,” ती बोलली, “तुजी गाडी वेशीवर आली की आमच्या घरातली भांडी हालतात. काचेचं कपाट पूर्ण्याला जायाचं हाय, भुसा न्हाय. सामान हरेशच्या गाडीतून जाईल.”

हरेश म्हणजे प्रणालीचा चुलता. नवी कोरी पिकअप घेतलेला. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. तो बिचारा नम्रपणे बोलला, “भालूशेठ, नको टेन्शन घेऊ, माझी हाय ना.” तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या नम्रपणानेच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“बाय, आवाज बंद केला तर?” मी विचारलं.

“मग बोलू,” हिराबाय बोलली.

झालं. माझ्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. रंजना, म्हणजे आमची बायको, म्हणते की माझं डोकं आणि गंजलेला नट यांच्यात फरक एवढाच, की नटावर तेल टाकलं तर तो फिरतो.

गाडी घेऊन मी भिवंडीत गेलो. पहिला मेकॅनिक खाली घुसला, बाहेर आला आणि बोलला, “क्रॉस गए हैं.” गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब लोखंडी दांडा फिरतो ना, शाफ्ट, त्याच्या सांध्यांना क्रॉस म्हणतात. बदलले. ठक तशीच. दुसरा बोलला, “क्रॉस का नहीं, डिफरन्शियल का आवाज है, पूरा खोलना पडेगा.” डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गोळा. तिसरा बोलला, खोलायची काही गरज नाही, चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, ढिले झालेत. पाटे आवळले. ठक तशीच. तिघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं, की बाकीचे दोघे गाढव आहेत.

मग मी ठरवलं, आपणच शोधायचं. आता ही खरी अडचण समजून घ्या. केबिनमध्ये बसलं की कुठलाही आवाज आपल्या बुडाखालूनच आल्यासारखा वाटतो. पुढून येतोय, मधून येतोय की मागून, काही पत्ता लागत नाही. आणि गाडी उभी असताना तो आवाज येतच नाही. म्हणजे गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची आणि आपण मागे हौद्यात झोपून पत्र्याला कान लावायचा. शाफ्ट बरोबर त्याच्याखालून जातो. बोला, यात काही चुकीचं आहे?

दिवस निवडला शुक्रवार. का, ते इथल्या माणसाला सांगायला नको. एरवी रस्त्याकडेच्या कापडाच्या लूमच्या शेडमधून अशी खटखट चालू असते की माझी ठक त्यात विरघळून जाईल. शुक्रवारी लूमला सुट्टी. सगळं शांत. आता लूम बंद म्हणजे लूमवरची सगळी माणसं रिकामी, आणि रिकामी माणसं रस्त्याकडेला बसून येणारी-जाणारी गाडी बघतात, हा विचार माझ्या मनात आला नाही. आवाजाचा विचार केला, डोळ्यांचा केला नाही.

गाडी चालवायला घेतला जनूला. जनू माझा मेहुणा, रंजनाचा धाकटा भाऊ. ड्रायव्हर चांगला, पण चेहरा असा की वरातीत नाचतानाही वाटावं, याच्या घरी काहीतरी झालंय.

रंजना सकाळीच मंदाताईकडे लग्नाचे लाडू वळायला गेली होती. ती घरी असती तर पुढचं काही झालंच नसतं. ते जाऊ दे.

आधी मी हौद्यातून आवाज करणारं सगळं काढून टाकलं. जॅक, साखळी, स्टेपनी. मागचा फाळका फार खडखडायचा, तोही काढला. फाळका काढला म्हणजे मागे मोकळं. चढावर मी घसरून रस्त्यावर पडलो तर? म्हणून छातीवरून आणि गुडघ्यांवरून दोरी घेऊन दोन्ही बाजूंच्या कड्यांना बांधून घ्यायची ठरवली.

पडून बघितलं, तर गाडी हलली की माझ्या टाचा पत्र्यावर वाजतात. ठक, ठक. आता गाडीची ठक कुठली आणि माझी कुठली, कसं ओळखायचं? शेवटी सुताचा तुकडा घेतला आणि पायाचे दोन्ही अंगठे एकत्र बांधून टाकले. पाय गप्प झाले.

मग धूळ. आमच्या रस्त्याची धूळ तुम्हाला माहीत आहे. घरात लूमवरून उतरलेलं कोरं पांढरं कापड पडलं होतं. ते पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळून घेतलं. फाळका नाही म्हणजे सायलेन्सरचा धूर मागून आत येणार, म्हणून नाकात कापूस घातला. तोंडाने श्वास घेता येतो ना? येतो. आणि डोळे मिटले, कारण डोळे उघडे असले की माणूस कानाने कमी ऐकतो.

हसू नका. मी सांगितलं होतं, एकेक गोष्ट वेगळी काढून बघा.

“जनू,” मी बजावलं, “पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालवायची. एक्सलेटर दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं आणि वळून परत घरी. मध्ये काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. तू बोललास की माझं लक्ष गेलं.”

“बरं भावजी,” जनू बोलला. मला दोरीने बांधलं आणि केबिनमध्ये जाऊन बसला. हळू जायचं म्हणून त्याने आपल्या अकलेने दोन्ही बाजूंचे इंडिकेटरही चालू केले.

निघालो. मी उताणा, मान कलती, एक कान पत्र्याला. जरा वेळ नुसती घरघर. मग दुसरा गिअर पडला आणि ‘ठक’. माझ्या अंगावर शहारा आला. अहो, केबिनमध्ये महिनाभर जो आवाज नुसता त्रास देत होता, तो इथे स्वच्छ बोलत होता. मागचा नक्की नव्हता. म्हणजे डिफरन्शियलवाला बाद. आता पुढचा की मधला, एवढंच राहिलं.

लूमच्या शेडपाशी गाडी हळू झाली. बाहेर खाटेवर बसलेल्यांची बडबड एकदम थांबली.

“कौन गुजर गया, भाई?” कुणीतरी हळू आवाजात विचारलं. जनू गप्प. त्याला मी गप्प राहायला सांगितलं होतं.

मी मनात म्हटलं, कुणीतरी गेलेलं दिसतंय. आणि पुन्हा कान लावला.

पुढे दत्ताची टपरी. दत्ता माझ्या वर्गातला. त्याने गाडी हात करून थांबवली. “जनू,” तो बोलला, “मागं भालूच हाय ना रं?”

जनूने मान डोलावली असणार. खरंच होतं ते. मागं मीच होतो.

दत्ता घाईघाईने कुणाला तरी फोन लावायला लागला. मला वाटलं, चहाला विचारेल, तेही नाही. गाडी पुन्हा चालू झाली, क्लच सुटला, ‘ठक’. यावेळी कानाच्या थोडं पुढे. मी खूश.

मोठ्या रस्त्यापाशी वळलो तेव्हा मागे मोटरसायकलींचा आवाज यायला लागला. एक, दोन, मग बऱ्याच. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी पुढे जात नव्हतं. भिवंडीत मागची गाडी हॉर्न न वाजवता हळूहळू येते, हे तुम्ही कधी बघितलंय? मी नाही. त्यांच्या घरघरीत माझा आवाज बुडत होता आणि मी मनात शिव्या मोजत होतो. इतक्यात पोटावर काहीतरी ओलं पडलं. झेंडूचा वास आला. एक हार होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तो चुकीच्या बाजूला पडला. मला वाटलं, गावात कुणीतरी वारलंय, त्याची अंत्ययात्रा निघालीय आणि हा जनू गाडी घेऊन नेमका त्यांच्या मध्ये अडकलाय. कुणीतरी टाकलेला हार नेम चुकून माझ्यावर आला.

आता अशा वेळी हौद्यात उठून बसणं आणि ‘जरा साइड द्या, आवाज बघतोय’ म्हणणं बरं दिसतं का? नाही दिसत. म्हणून मी आणखीच निश्चल पडलो. श्वाससुद्धा बेताने घ्यायला लागलो.

मागे दोघे बोलत होते.

“सकाळी टपरीवर चहा पिऊन गेला म्हणं.”

“कसा झाला काय म्हाईत. माणूस चांगला व्हता. ऐकायचा न्हाय कुनाचं, पन चांगला.”

मला खरंच वाईट वाटलं. कोण असेल बिचारा? मी मनातल्या मनात त्याला हात जोडले. हात दोरीखाली होते, म्हणून मनातच.

आता मोटरसायकलवाले गप्प झाले आणि मी पुन्हा कामाला लागलो. गाडी आमच्या गल्लीत वळल्याचं मला खड्ड्यांवरून कळलं. घर आलं. आणि घरासमोर माणसांचा गलका. त्या गलक्यातून एक हाक आली.

“भालू रं… माज्या भालू…”

मंदाताई होती. लहानपणी खाडीवर पोहायला गेलो आणि उशीर झाला की ती अशीच हाक मारत यायची. आणि तेव्हा मला कळलं की गावात नक्की कोण वारलंय.

मी ताबडतोब ओरडायला हवं होतं, ताई, मी आहे. मला मान्य आहे. पण त्याच क्षणी समोर माणसं आली म्हणून जनूने करकचून ब्रेक मारला आणि माझ्या कानाच्या बरोबर खाली, एक बोटही इकडेतिकडे नाही, ‘ठक’ वाजली. त्यामुळे तोंडातून जे निघालं ते वेगळंच निघालं.

“सेंटर बेरिंग!”

मेलेला माणूस मान उचलून, नाकात कापूस घालून ‘सेंटर बेरिंग’ असं ओरडला तर लोक काय करतील, तुम्हीच सांगा. गल्ली रिकामी झाली. मोटरसायकली आडव्या पडल्या. आमच्या शेजारचा पैलवान कुंपणावरून पलीकडे गेला, आणि ते कुंपण काटेरी आहे. जनू केबिनमधून खाली उतरला आणि पळणाऱ्या माणसांकडे बघायला लागला. त्याला शेवटपर्यंत काही कळलेलं नव्हतं.

पळाली नाही ती फक्त हिराबाय. तिचे गुडघे धरलेले. ती काठी टेकत हौद्यापाशी आली, काठीने मला बरगडीत टोचलं आणि मागे वळून बोलली, “जिता हाय.”

मग मंदाताई आली. तिने आधी मला थोबाडीत दिली, मग मिठी मारली, मग पुन्हा दिली. तिच्या हाताला लाडवांचं पीठ होतं. रंजना मागे उभी होती. ती माझ्या अंगठ्यांचं सूत सोडत होती आणि पुन्हा पुन्हा चुकीचं टोक ओढून गाठ आणखी घट्ट करत होती. तेवढं बघून मला स्वतःची लाज वाटली. मोठी वाटली.

पण खरं सांगू? लाज वाटत होती आणि हात पान्ह्याकडे जात होता. मी तसाच, ते कापड अंगावर असताना, गाडीखाली घुसलो. शाफ्टच्या मध्यावर एक बेरिंग असतं, ते गाडीच्या सांगाड्याला एका पट्टीने धरलेलं असतं. त्या पट्टीचा बोल्ट ढिला. नुसता ढिला. आवळला. गाडी चालू केली, गल्लीतून पुढे नेली, मागे आणली. एक्सलेटर दाबला, सोडला. काही नाही. अहो, कापसावरून मांजर जावी तशी गाडी.

मी छाती काढून हिराबायसमोर उभा राहिलो. “बाय, आवाज बंद. आता बोल.”

हिराबायने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “आवाज बंद झाला, खरं हाय. पन ज्या गाडीतून मढं आलं, त्या गाडीतून नवरीचं सामान जात न्हाय.”

“अगं बाय, कुठलं मढं? मीच होतो ना. मी हा तुझ्यासमोर उभा.”

“तू हायस ते मला दिसतंय. पन आख्ख्या गावानं मढं बघितलं. हार घातला. मंदा रडली. उद्या पूर्ण्याची मानसं विचारतील तर मी कुनाकुनाला सांगत बसू?”

हरेश बाजूला उभा होता. तो बोलला, “भालूशेठ, माझी हाय ना.”

नाही. मी हार मानणारा नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन थेट वज्रेश्वरीला गेलो. गरम पाण्याच्या कुंडातलं पाणी हंडा भरून आणलं आणि गाडी आत-बाहेर धुतली. हौदा धुतला, चाकं धुतली, सेंटर बेरिंगवरही शिंपडलं. देवळात पूजा सांगितली, नारळ फोडला, बॉनेटवर हळदकुंकू, समोर लिंबू-मिरच्या. पुजाऱ्याने अगदी साग्रसंगीत केलं. गाडी अशी चकाचक झाली की हरेशच्या प्लास्टिकवाल्या गाडीला लाज वाटावी.

संध्याकाळी गाडी वरच्या आळीत हिराबायच्या दारात उभी केली. आवाज न करता.

“बाय, शुद्ध करून आणली. देवीच्या दारातून. आता तरी नाही म्हणू नकोस.”

हिराबाय खुर्चीतून उठून आली. गाडीला हात लावून डोळ्यांना लावला. मला वाटलं, जिंकलो.

“पुजाऱ्याला काय सांगितलंस?” तिने विचारलं.

“सांगितलं, गाडीला दोष लागलाय, तो काढा.”

“कसला दोष, ते विचारलं असंल ना त्याने.”

“विचारलं. सांगितलं, गाडीतून मढं आणलं होतं म्हणून.”

मंदाताईने पदर तोंडाला लावला. आणि मग मला माझंच बोलणं ऐकू आलं.

“म्हंजे देवीच्या दारात तू सोता सांगून आलास, मढं व्हतं,” हिराबाय बोलली. “मग मी कुठं खोटं बोलले, बाळा?”

सामान हरेशच्या गाडीतून गेलं. शोकेसला ओरखडासुद्धा आला नाही. मी मागून माझी रिकामी पिकअप नेली. आत बसायला कुणी तयार नव्हतं, जनूसुद्धा पुढच्या गाडीत बसला. लग्नात भाचीला हात धरून बोहल्यावर नेली, तो मान मात्र कुणी काढून घेतला नाही. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. नवऱ्याकडचा एक म्हातारा मध्येच येऊन माझं मनगट धरून उभा राहिला. मला वाटलं माया करतोय. तो नाडी बघत होता.

तर आता गाडीचा आवाज बंद आहे, आणि ती गोष्ट तालुकाभर झाली आहे. परवाच शेजारच्या गावातून फोन आला. त्यांचे आजोबा गेले होते, दवाखान्यातून घरी आणायचे होते. म्हणाले, “तुमची गाडी हळू जाते आन् आवाज करत न्हाय, असं ऐकलंय.”

माझा ऊर भरून आला. शेवटी कुणीतरी मानलं. मी म्हटलं, “मी स्वतः घेऊन येतो.”

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली. मग तो माणूस अगदी अदबीने बोलला, “तुमी नका येऊ, शेठ. दुसरा ड्रायव्हर पाठवा. तुमाला हौद्यापाशी बघितलं की आमच्या आजीला उगाच आशा लागंल.”